वायरलेसच्या खोलीतली चाळीस मिनिटं

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. सुमनकाकी, तुम्हाला वेगळा नमस्कार.

मला अशा सभेत बोलायची सवय नाही. माझ्या तोंडून गॅरेजमध्ये जे निघतं ते इथं चालणार नाही, म्हणून काल कागदावर लिहून आणलंय. तरी मध्येच कागद सोडून बोललो तर सांभाळून घ्या. अडखळेन. बसणार मात्र नाही.

माझं आयुष्य नेमकं कधी बदललं, हे मला घड्याळ लावून सांगता येतं. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. मी तेरा वर्षांचा होतो. वायरलेसच्या खोलीत होतो. टेबलावरचं एक जाडजूड रजिस्टर मी उचललं आणि थोडं बाजूला ठेवलं. एवढंच केलं.

त्यावर मी येणार आहे. त्याच्यासाठीच उभा राहिलोय.

मघाशी मच्छीमार सोसायटीचे चेअरमनसाहेब बोलले. चांगलं बोलले. वामनराव बावीस वर्षं वायरलेसवर बोटींचा आवाज ऐकत बसले, म्हणाले. देवमाणूस, म्हणाले. आणि शेवटी म्हणाले, "त्यांच्या हातून एक चूक झाली, पण गेलेल्या माणसाची चूक आपण मोठ्या मनानं पोटात घालूया." तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. नवऱ्याबद्दल हे ऐकून सुमनकाकींनी मान खाली घातली. मी बघत होतो.

मला पाच मिनिटं दिलीयेत, लहानपणीच्या आठवणी सांगायला. आठवणी सांगतो. पण आजची ही शोकसभा संपायच्या आत ती चूक वामनकाकांच्या नावावरून निघाली पाहिजे, एवढं माझं मागणं आहे. कशी निघणार, ते शेवटी कळेल.

नव्या मुलांनी ती खोली बघितलेली नाही. आमच्या चिकूच्या वाडीच्या टोकाला, कुंपणाला लागून, पत्र्याची खोली होती. वर उंच पाईप आणि त्याला बांधलेली अँटेना. आत एक टेबल, एक सेट, एक पंखा, भिंतीवर कॅलेंडर आणि खुर्चीत वामनकाका. माझ्या अंथरुणापासून त्या सेटपर्यंत वीस पावलंसुद्धा नव्हती. दिवसभर त्यातून खरखर यायची. तव्यावर काहीतरी सतत भाजतंय तशी. तिच्यातून मध्येच माणूस बोलायचा. "किनारा, किनारा, ऐकताय काय?" मी बोलायला लागलो तेव्हा आई म्हणायच्या आधी "ओव्हर" म्हणालो, असं माझी आई सांगते. थापा मारते. पण फार नाही.

वामनकाका मासवणचे. नदीकाठची, भातशेतीतली माणसं. पोहता येत नव्हतं. होडीत पाय ठेवला तर उलटी व्हायची. गावातले खलाशी त्यांना चिडवायचे, "काय वो वामनभाऊ, दर्या कंच्या बाजूला हाय, ठाऊक हाय ना?" काका म्हणायचे, "माझा दर्या या डब्यात हाय. तुमच्यासारखा अंगाला वास नाय मारत." एवढं ऐकून घेणारा आणि एवढं परत देणारा माणूस होता तो. तरी बाहेरचा होता. बावीस वर्षांनंतरसुद्धा बाहेरचाच होता. हे लक्षात ठेवा. याचा पुढे संबंध आहे.

दुपारी चार वाजता हजेरी असायची. काका रजिस्टर उघडून एकेका बोटीचं नाव घ्यायचे. बोटीनं उत्तर द्यायचं, कुठं आहे, किती माणसं, सगळे ठीक का. मग खूण. त्या वेळी खिडकीबाहेर गावातल्या बायका उभ्या असायच्या. आपल्या माणसाचा आवाज ऐकायला. मोबाईल होते हो, पण आत खोल समुद्रात कुठली रेंज? ही खिडकीच रेंज होती.

आणि काय काय बोलणी व्हायची! एकदा धर्मीकाकू, त्या समोर बसल्यात, हसतायत बघा, त्या खिडकीतून ओरडल्या, "वामनभाऊ, इचारा त्याला, माज्या डब्यातलं सुकट कोनी खाल्लं?" काकांनी गंभीर तोंडानं विचारलं. तिकडून काकूंचे मालक म्हणाले, "तिला सांगा, सुकट मी खाल्लं, आन तिच्या आईनं दिलेलं लोनचं फेकलं." सगळ्या बोटी एकाच चॅनेलवर. वीस बोटींनी ऐकलं. वीस बोटी हसल्या. काकू आठ दिवस खिडकीवर आल्या नाहीत. काका त्यांच्या घरी जाऊन सांगायचे, "वयनी, त्यो ठीक हाय. लोनचं मागतोय."

मी त्या खोलीत वाढलो. शाळेतून आलो की दप्तर टाकून तिथेच. काका मला खुर्चीच्या मागे बसवायचे. "कान ठेव," म्हणायचे. "हात नको. कान." मला आवाजावरून बोटी ओळखता यायच्या. कुणाचं इंजिन घरघरतंय, कोण प्यायलाय, कोण घरी भांडून गेलाय. लक्ष्मणदादांचा आवाज तर मला झोपेतसुद्धा कळला असता. दर्यासखी बोटीवरचे लक्ष्मणदादा. हजेरीला दुसरा कुणी बोलायच्या आत तेच माईक घ्यायचे आणि विचारायचे, "किनारा, आमची राणी आलीय काय खिडकीवर?" राणी म्हणजे त्यांची मुलगी. जागृती. माझ्याच वर्गातली. दोन वेण्या घालून खिडकीची पट्टी धरून टाचा उंच करायची. म्हणायची, "बाबा, मी हाय. ओव्हर."

जागृती आज इथं आहे. तिसऱ्या ओळीत, तिच्या आईशेजारी. जागृती, उठून जाऊ नकोस. एवढंच सांगतो.

काकांचा एक नियम होता. चांगली बातमी खिडकीतून ओरडून सांगायची. वाईट बातमी चालत जाऊन सांगायची. कुणाला लागलं, कुणाची बोट बिघडली, तर त्या घरच्या बाईला ते गर्दीत कळू द्यायचं नाही. स्वतः सायकल काढायची, त्या घरी जायचं, आधी पाणी मागायचं, बसायचं आणि मग सांगायचं. असं करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सोसायटीच्या नियमात तर सेट सोडून जायचंच नाही असं होतं. पण तुमच्यापैकी कितीजणींच्या घरी ते असे आले असतील? हात वर करू नका. मनातल्या मनात मोजा.

त्या दिवशी दुपारी एका बोटीनं कळवलं की एका पोराचा हात जाळ्याच्या दोरीत सापडलाय, दोन बोटं गेलीत, परत येतोय. पोराची आई गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. एकटी. काकांनी टोपी घातली. मला म्हणाले, "चेतन, पंधरा मिन्टात येतो. काय आवाज आला तर धावत ये माज्या मागं. हात लावू नको कशाला."

मी म्हणालो, "नाय लावत."

शंभर वेळा बसलो होतो असा. शंभर वेळा हात लावला नव्हता.

त्या दिवशी मी माईक हातात घेतला. बटण दाबलं नाही. नुसता धरला. तोंडाजवळ नेऊन हळूच म्हणालो, "राणी आलीय काय खिडकीवर?" कुणीच ऐकत नव्हतं, तरी माझे कान गरम झाले. तेरा वर्षांचा होतो. कळतंय ना तुम्हाला? मग लाज वाटली. माईक हुकला अडकवायचा असतो. मी तो टेबलावर टाकला. माझ्या खिशात भाजलेल्या शेंगा होत्या. शेंगा फोडायला जागा हवी, म्हणून मी रजिस्टर उचललं आणि बाजूला ठेवलं. ते माईकवर बसलं. माईकचं बटण त्याच्याखाली दाबलं गेलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बटण दाबलं की आपण बोलतो आणि आपल्याला ऐकू येणं बंद होतं. आपण मोठ्या अँटेनावरून बोलत असलो तर दुसऱ्या कुणाचा आवाज कुणालाच जात नाही. सगळ्या बोटींना फक्त आपणच ऐकू येतो. जोवर बटण सुटत नाही तोवर.

खरखर थांबली. जन्मापासून ऐकत आलेलो ती खरखर एकदम थांबली. आणि मला वाटलं, आज समुद्र शांत आहे.

छान वाटलं मला. खरं सांगतो. पाय टेबलावर टाकून मी शेंगा खाल्ल्या.

पंधरा मिनिटांची चाळीस झाली, कारण ती बाई चक्कर येऊन पडली आणि काका तिच्याजवळ थांबले. दारातूनच त्यांनी विचारलं, "सेट गप का हाय?" मी म्हणालो, "कोणी बोलतच नाय." त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यांनी मला विचारलं नाही, ओरडले नाहीत. सरळ येऊन रजिस्टर उचललं. आणि त्या डब्यातून एकदम चार-पाच बोटी ओरडल्या. शिव्या. "सोड, बटन सोड, आयला, कोन हाय तिकडं?" काकांनी एकेका बोटीला नाव घेऊन विचारलं. सगळ्या बोलल्या. दर्यासखी बोलली नाही.

पुन्हा विचारलं. पुन्हा नाही.

मग माझ्याकडे न बघता मला म्हणाले, "घरी जा. मागल्या बाजूनं जा. फोलं उचल."

मी टेबलावरची शेंगांची फोलं गोळा केली, खिशात भरली आणि गेलो.

पुढचं गावाला माहीत आहे. दर्यासखीत मागून पाणी शिरलं होतं. मोरेश्वरमामा तांडेल होते, बोट त्यांच्या हातात होती. चौघे जण जाळ्याचे फ्लोट धरून तरंगले, काकांनी पाठवलेल्या बोटीला ते दिवस मावळताना सापडले. लक्ष्मणदादा पाणी काढायला खाली इंजिनाजवळ उतरले होते. ते सापडले नाहीत. आजपर्यंत सापडले नाहीत. जवळच्या बोटीचे लोक याच हॉलमध्ये उभे राहून म्हणाले होते, हाक आली असती तर अर्ध्या तासात पोचलो असतो.

मोरेश्वरमामा, तुम्ही तेव्हा जे बोललात ते मला तोंडपाठ आहे. चुकलं तर सांगा. तुम्ही म्हणालात, "आमी बुडत होतो आन वायरलेसमधी पंखा फिरत होता. आमी ओरडत होतो, आन तिकडं कोन तरी आरामात शेंगा फोडत होतं."

मान हलवतायत मामा. बरोबर आहे ना?

मग मला सांगा. वामनकाका शेंगा कधी खायचे? वरचे दात गेले होते त्यांचे. चहात बुडवून बटर खायचे. हे धर्मीकाकूंना माहीत होतं, मामांना माहीत होतं, चेअरमनसाहेब, तुम्हालाही माहीत होतं. तुमच्या मुलीच्या लग्नात त्यांच्यासाठी वेगळा मऊ भात काढला होता. या हॉलमध्ये त्या दिवशी दोनशे माणसं होती. एकानंसुद्धा विचारलं नाही की शेंगा कोण खात होतं. का नाही विचारलं? मासवणचा माणूस समोर उभा होता आणि म्हणत होता, "माज्या हातनं झालं." सोपं होतं. बाहेरचा होता.

नाही चेअरमनसाहेब, मला खाली बसवू नका. आई, तूही बस. आईला काही माहीत नव्हतं. तिच्याकडे असं बघू नका कुणी. काकांना माहीत होतं आणि मला माहीत होतं. बस.

ठरावाच्या वहीत लिहिलं गेलं, ऑपरेटरच्या हलगर्जीपणामुळे. काकांनी सही केली. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून खोलीची किल्ली घेतली. आणि मी? मी आमच्या वाडीत चिकूच्या झाडामागे उभा राहून बघत होतो. काकांनी सायकलला पिशवी अडकवली आणि सुमनकाकींना म्हणाले, "चल. बस चुकंल." माझ्या बाजूला बघितलंच नाही त्यांनी. मुद्दाम नाही बघितलं. आता कळतं.

पण किल्ली जायच्या आधी, त्या अपघाताच्या रात्रीपासून पुढचे तीन दिवस त्यांनी दर्यासखीचं नाव सोडलं नाही. बोट बुडाली होती. चौघे घरी आले होते. तरी सकाळ-संध्याकाळ भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं, "दर्यासखी, दर्यासखी, किनारा बोलतो. लक्ष्मण, ऐकतोस काय?" मग ते थांबायचे. उत्तर येईल इतका वेळ थांबायचे. मी उशीत तोंड घालून मोजायचो. आणि पुन्हा, "लक्ष्मण, ऐकतोस काय?"

मला भुतंबितं दिसत नाहीत. पण एक सांगतो. जी हाक मी ऐकली नाही, तीच मला ऐकू येते. गॅरेजमध्ये कॉम्प्रेसर बंद झाला की येते. पंखा बंद झाला की येते. घरातले सगळे आवाज थांबले की लक्ष्मणदादा बोलायला लागतात, आणि काय बोलतात ते कळत नाही. शब्दच लागत नाहीत. म्हणून मी गाणी लावून झोपतो. आईला वाटतं मुलगा बिघडला.

कॉलेज मी का सोडलं, याच्या गावात दहा कहाण्या आहेत. खरी ही. पालघरला दुसऱ्या वर्षाला होतो. जागृती त्याच कॉलेजात. कँटीनच्या पायऱ्यांवर बसलो होतो चार-पाच जण. ती म्हणाली, "मला दुसरं काही नको. बाबा शेवटी काय बोलत होते तेवढंच कळायला हवं. त्या माणसानं माझ्या बाबांना पंखा ऐकवला." आणि आमच्यातल्या एकानं, त्याचं नाव घेत नाही, घोरल्यासारखा आवाज काढला. म्हणाला, "ऑपरेटर ड्युटीवर आहे, ओव्हर." मी त्याचं नाक फोडलं. दोघातिघांनी ओढलं तरी मारत राहिलो. माफीचं पत्र लिहून दे म्हणाले. मी लिहिलं नाही. दप्तर उचललं आणि बोईसर गाठलं.

जागृतीला वाटलं, मी तिच्यासाठी मारलं. गावाला वाटलं, मी वामनकाकांसाठी मारलं. मी कुणासाठी मारलं नव्हतं. मारायला माझे हात पुढे आले, कारण तोंड उघडत नव्हतं.

वामनकाका तेव्हा बोईसरला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होते. कॉलेज सुटल्यावर मी त्यांना जाऊन भेटलो. कामगार त्यांना चाचा म्हणायचे. "चाचा, गेट खोलो." हा माणूस एके काळी वीस बोटी सांभाळायचा. मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसलो आणि म्हणालो, "काका, मी सगळं सांगून टाकतो."

काका म्हणाले, "चहा घेशील?"

"काका, मी बोलतोय काय?"

"ऐकलं. बहिरा नाय मी. तू सांगशील आन काय हुईल? लक्ष्मण यील वर?"

"तुमचं नाव तर येईल वर."

ते हसले. दात नसलेलं हसू. म्हणाले, "तू तेरा वर्साचा होतास. सेट माज्या हवाली होता. तुला खुर्चीवर मी बशिवला. बटन कोनी दाबलं ते नंतरचं, खुर्ची कोनी सोडली ते आदी." मग म्हणाले, "मला मासवनला घर हाय. तुला त्या गावातच ऱ्हायचं हाय. त्या पोरीच्या शेजारी."

त्यांना कळलं होतं. काय काय कळायचं त्या माणसाला.

तेवढ्यात चार वाजले. गेटच्या आत शिफ्टचा भोंगा झाला. आणि काका माझ्याशी बोलायचे थांबले. ओठ हलायला लागले. मी जवळ वाकून ऐकलं. बोटींची नावं होती. एकेक नाव. प्रत्येकानंतर थांबायचे. ट्रक आत जात होते, बाहेर येत होते, ड्रायव्हर हिंदीत ओरडत होते, आणि हा माणूस खुर्चीवर बसून हजेरी घेत होता. सुमनकाकी, तुम्ही परवा मला सांगितलंत, दवाखान्यातसुद्धा चार वाजले की ओठ हलायचे. नर्सला वाटायचं देवाचं नाव घेतायत.

मी तेव्हा गप्प बसलो. त्यांनी सांगितलं म्हणून नाही. ते खोटं आहे. मी गप्प बसलो जागृतीसाठी. आणि आता या गणपतीत तिनं मला विचारलं होतं, घरी बोलायला कधी येतोस. थांबा, तिला काही बोलू नका. त्यात तिचं काही नाही, सगळं माझ्या बाजूचं समजा. मी तिच्यावर प्रेम करतो, हे मी माझ्या तोंडानं, माझ्या जबाबदारीवर, भर सभेत सांगतोय. ज्याला दात विचकायचे त्यानं बाहेर भेटावं. मी तिला उत्तर दिलं नव्हतं. आज देऊ, उद्या देऊ, चार महिने चाललंय. कसा येणार मी घरी? भिंतीवर हार घातलेला फोटो. त्याच्याखाली बसून मी चहा पिणार? लक्ष्मणदादांसमोर?

जागृती, तुझ्या बाबांना पंखा मी ऐकवला. शेंगा मी खात होतो. ते शेवटी काय म्हणाले ते मला माहीत नाही, कारण ते कुणापर्यंत पोचू नये अशी व्यवस्था माझ्या हातानं झाली. तुझ्या प्रश्नाचं माझ्याकडे हे एकच उत्तर आहे. दुसरं असतं तर मी पळत घेऊन आलो असतो.

वयनी, म्हणजे जागृतीच्या आई, तुमच्याकडे बघायची माझी हिंमत नाही. तुम्ही बाजारात मला बघून नेहमी दोन बोंबील जास्त टाकता. ते मी घरी नेतो आणि खात नाही.

वामनकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका गाडीखाली झोपून नट काढत होतो. पहिला विचार काय आला सांगू? सुटलो. आता कुणालाच माहीत नाही. हा पहिला विचार. मग मी तिथंच गाडीखाली पडून राहिलो. मालक म्हणाला, "मर गया क्या अंदर?" मी म्हणालो, नाही. पण बाहेर यायला वेळ लागला.

आता मागणं सांगतो. कागदावर लिहिलंय ते वाचतो.

चेअरमनसाहेब, ती ठरावाची वही या हॉलच्या कपाटात आहे. आज, या लोकांसमोर, ती काढा. ऑपरेटरच्या हलगर्जीपणामुळे, ही ओळ रद्द करा. त्याखाली लिहा, वामनराव एका आईला तिच्या मुलाची बातमी सांगायला गेले होते. सेटजवळ चेतन होता. माईक त्यानं दाबला. माझी सही मी या कागदावर करून ठेवलीय. हा कागद टेबलावर ठेवतो. कुणाला माझ्यावर तक्रार करायची असेल, तर पोलिसांत मी स्वतः येतो, बोलवायची गरज नाही. काका म्हणाले होते खुर्ची त्यांनी सोडली. तेही लिहा, ते खोटं बोलत नव्हते. पण शेवटचं नाव माझं असू द्या.

सुमनकाकी, तुम्ही नऊ वर्षं या गावात पाय ठेवला नव्हता. आज आलात आणि आज पुन्हा तुम्हाला मान खाली घालावी लागली. ती वर करा. एवढं माझं ऐका. इथं बसलेल्या प्रत्येक बाईच्या घरी तुमचा माणूस चालत गेला होता.

झालं. आता तुम्ही सगळे उभे राहा. दोन मिनिटं. वामनकाकांसाठी, आणि ज्यांचा इथं कधी धड निरोप झालाच नाही त्या लक्ष्मणदादांसाठी. मी तुमच्याबरोबर उभा राहत नाही, बाहेर जातो. आज तरी नाही. तुमची दोन मिनिटं झाली की तुम्ही बोला. माझ्याबद्दल जे बोलायचं ते बोला, आणि मी ऐकतोय म्हणून हातचं राखू नका. मोरेश्वरमामा, शिव्या द्यायच्या असतील तर त्याही द्या. वही निघाली, ओळ खोडली, की कुणीतरी एकानं मला हाक मारा. मग मी आत येईन, आणि ज्याला जे करायचं ते माझ्यासमोर करा. हाक आली नाही तरी मी बाहेर पायरीवरच आहे. कुठं जात नाही.

आई, माझ्यामागे येऊ नको.

कागद इथं ठेवला. उभे राहा सगळे. वामनकाका, नमस्कार. लक्ष्मणदादा, नमस्कार.

मी जातो. दार ओढून घेतो.